एकोणिसावा आटा

दिनांक १४ सप्टेंबर १९८१, सोमवार. रक्कम आठ रुपये. स्थळ राजुऱ्याच्या बसस्टँडमागचं लटारू मिस्त्रींचं लेथचं दुकान. हजर माणसं तीन : मी, स्वतः लटारूभाऊ आणि बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, आसासाठी आलेला एक म्हातारा. हा म्हातारा भिंतीला टेकून झोपलेला होता, म्हणजे साक्षीला तो उपयोगाचा नाही. आठ रुपये मी दिले, लटारूभाऊंनी घेतले. त्या बदल्यात मला अंगठ्याच्या दोन पेरांएवढं पितळेचं एक फिटिंग मिळालं.

ते फिटिंग मी विमानाच्या इंजिनात बसवलं.

ब्रह्मपुरीत माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. आधी मी विमानाचा मेकॅनिक होतो असं कळलं की गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं. पहिला, ‘किती वेळा बसले?’ याचं उत्तर, एकदाही नाही. आमच्या विमानात जागाच एका माणसाची होती. दुसरा, ‘मंग सोडलं काऊन?’ याचं उत्तर मी आजवर ‘घर सांभाळायचं होतं’ असं देत आलो. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

आमची कंपनी विमानातून पिकांवर औषध फवारायचं काम घ्यायची. छोटं, एका इंजिनाचं, अमेरिकन बनावटीचं विमान. वैमानिकाच्या पुढ्यात औषधाची टाकी, पंखांखाली फवाऱ्यांची रांग. पिकाच्या वर जेमतेम दीड-दोन पुरुष उंचीवरून ते जायचं, शेताच्या कडेला वर उठायचं, वळायचं आणि पुन्हा खाली यायचं. एवढ्या खाली उडणाऱ्या माणसाचं इंजिन बंद पडलं तर विचार करायला त्याच्या हातात तीन-चार सेकंद असतात. त्यामुळे रोज सकाळी मेकॅनिकने विमान तपासून वहीत सही केल्याशिवाय ते जागचं हलवायचं नाही, असा कायदा होता. माझा पगार त्या सहीचा होता.

राजुऱ्यापासून सात किलोमीटरवर मुरूम दाबून केलेली कच्ची धावपट्टी होती. बाजूला टिनाची एक शेड, चार लोखंडी खुंट विमान बांधायला आणि पलीकडे सागाचं जंगल. वैमानिकाला विश्रांती हवी, म्हणून कंपनी त्याला चंद्रपूरच्या विश्रामगृहात ठेवायची. विमान एकटं सोडता येत नाही, म्हणून मेकॅनिकला विमानाजवळ ठेवायची. हंगाम कुठलाही असो, गाव कुठलंही असो, शेड तीच असायची. माझ्या लग्नाच्या पहिल्या नऊ वर्षांत मी घरी एक हजार एकशे चाळीस दिवस होतो. डायऱ्या काढून मोजले आहेत. बाकीचे दिवस मी इंजिनाशी बोलत होतो म्हणायला हरकत नाही. बोलणं एकतर्फी असायचं.

माणसं येत नव्हती असं नाही. फवारणीच्या दिवसांत बघ्यांची गर्दीच असायची. आपल्या शेताचा नंबर आधी लागावा म्हणून एक जण माझ्यासाठी कोंबडा घेऊन आला होता. नंबर लावणं माझ्या हातात नाही हे त्याला पटेना, तेव्हा तो कोंबडा विमानाच्या चाकाला बांधून निघून गेला. एक बाई आमच्या वैमानिकाला, कॅप्टन आगाश्यांना, म्हणाली, “साहेब, माहा बैल हरपला. तुमी वरून जाता तं पाहान का जरासा?” कॅप्टन पुण्याचे, पण माणूस मोकळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच पाहिलं आणि नाल्यापलीकडे पांढरा बैल दिसतो असा निरोप दिला. तो बैल भलत्याचाच निघाला आणि त्या दोघांचं भांडण मिटवायला मला जावं लागलं. पण दुपारी दोनपर्यंत ही सगळी माणसं आपापल्या घरी जायची. कॅप्टन डबा माझ्यासोबत खायचे, अर्धा मला द्यायचे आणि जीपने निघून जायचे. उरायचो मी आणि चौकीदार केशव आत्राम. आत्रामची बोली गोंडी, माझी झाडीपट्टीची. आम्ही दोघंही कमी बोलणारे. दिवसाला वीसेक वाक्यं होत असतील.

तर त्या सोमवारी, एक्याऐंशी साली, सकाळच्या तपासणीत मला एक तडकलेलं फिटिंग सापडलं. इंजिनातल्या तेलाचा दाब किती आहे हे वैमानिकाला समोरच्या घड्याळात दिसतं. त्यासाठी इंजिनापासून घड्याळापर्यंत एक बारीक नळी जाते. ती नळी इंजिनाला जिथे जोडतात तिथे हे पोलादी फिटिंग, पाव इंची नळाचं. ते निखळलं तर माझ्या अंदाजाने सात-आठ मिनिटांत इंजिनातलं सगळं तेल बाहेर. त्यानंतर इंजिन जाम होतं.

नागपूरच्या गोदामातून नवं यायला तीन दिवस लागणार होते. राजुरा भागात अकराशे एकर कापूस फवारायचा राहिला होता, बोंडअळी लागलेली होती आणि कितीतरी दिवसांनी आभाळ उघडलं होतं. शेतकी खात्याचा माणूस शेडच्या दारात उभा राहून दर दहा मिनिटांनी “मग काय करायचं?” असं विचारत होता. मी तुटकं फिटिंग खिशात घातलं आणि सायकलने राजुऱ्याला गेलो.

लटारूभाऊ पन्नाशीचे, हात कोपरापर्यंत काळे, तोंडात तंबाखू. कोळसा खाणीतल्या पाण्याच्या नळांची, पंपांच्या दांड्यांची कामं त्यांच्याकडे असायची. लेथवर आटे कापायचे तर बाजूला दातेरी चाकं लावावी लागतात. कोणती चाकं लावली यावर एका इंचात किती आटे पडणार हे ठरतं. त्या दिवशी त्यांच्या लेथला खाणीच्या पाव इंची नळांची चाकं सकाळपासून लावलेली होती. त्यांनी माझा नमुना कॅलिपरने दोनदा मोजला. जाडी केसाएवढीही चुकवली नाही. आटे मात्र मोजले नाहीत, कारण पाव इंची नळाचे आटे त्यांना मोजायची गरज तीस वर्षांत पडली नव्हती. खाणीत, हातपंपात, नळयोजनेत, आपल्याकडे सगळीकडे ते इंचाला एकोणीसच असतात.

अमेरिकन विमानात ते अठरा असतात.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. मी परीक्षेला ते पाठ केलेलं होतं. पण अर्ध्या-पाऊण इंचाच्या तुकड्यावर अठरा आणि एकोणीस यांतला फरक अर्ध्या आट्याचा पडतो, तो डोळ्याला दिसत नाही. आटे मोजायचा गेज नागपूरला होता. आणि शेडच्या दारात तो माणूस उभा होता. हिशेबी म्हणवणारा मी, पण दहा आटे मोजायचे माझ्याकडून राहून गेले.

फिटिंग बसवताना ते हाताने अडीच फेरे गेलं. नेहमी चार जायचं. पाना लावल्यावर ते गेलं, पण किंचित करकरलं. पितळ नवं आहे म्हणून करकरतं, असं मी मनाशी म्हटलं. इंजिन वीस मिनिटं चालवलं. तेलाचा एक थेंब आला नाही.

मग वही. ‘फिटिंग बदलले, गळती नाही’ असं लिहिलं. पुढचा रकाना होता, भागाचा क्रमांक. विमानात कागदपत्रांशिवाय आलेला खिळाही चालत नाही. बाजारातलं पितळ तिथे कसं लिहायचं? रकाना रिकामा सोडता येत नाही. तीनच दिवसांचा प्रश्न आहे असं म्हणून मी अस्सल फिटिंगचा क्रमांक लिहिला आणि खाली सही केली.

अस्सल फिटिंग गुरुवारी आलं. त्या दिवशी विमान दर वीस मिनिटांनी उतरून टाकी भरून पुन्हा जात होतं. शुक्रवारीही तेच. चालतंय ते हलवू नये, असा आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो एखाद्या आळशी माणसाने काढलेला असावा. मी फिटिंग कागदासकट माझ्या पेटीत ठेवलं, कागदावर तारीख घातली आणि पेटी बंद केली. दोन वर्षं ते तिथे होतं. पेटी उघडताना ते रोज दिसायचं. काही दिवसांनी दिसेनासं झालं, म्हणजे डोळे त्याला सरावले.

२० सप्टेंबर १९८३. तेच विमान, तीच पट्टी, तेच कॅप्टन. सकाळी इंजिनाखाली पत्र्यावर तेल दिसलं. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला दोन थेंब. जागा तीच. मला एका परीने बरंच वाटलं. आज आपोआप ते काढावं लागणार, पेटीतलं अस्सल बसवायचं आणि वहीतलं दोन वर्षांचं खोटं कुणाला न कळता खरं होऊन जाईल, असा माझा हिशेब होता.

पितळी फिटिंग काढलं. त्याच्या आट्यांत राखाडी भुकटी होती. नवं हातात घेतलं, पुसलं, लावलं. दीड फेरा गेलं आणि थांबलं.

इथे थोडं समजावून सांगतो. नळाचे आटे नट-बोल्टासारखे सरळ नसतात, पुढे निमुळते असतात. पाचर ठोकावी तसं ते फिटिंग आत जाता जाता घट्ट होत जातं. त्यामुळे असं फिटिंग शेवटपर्यंत कधीच आत जात नाही. जायचंही नसतं. नवशिका माणूस आटे बाहेर राहिले म्हणून पान्याला नळी लावून जोर करतो आणि इंजिनाचं तोंड फोडतो. ते ॲल्युमिनियमचं असतं. बरोबर बसलेलं फिटिंग हाताने चार फेरे जातं, पान्याने दोन आणि दहापैकी चार आटे बाहेर दिसतात. म्हणजे आटे बाहेर राहिले ही चूक नाही. किती बाहेर राहिले, हा प्रश्न आहे.

मी भोक रॉकेलने धुतलं. पुन्हा लावलं. दीड फेरा. पेटीत पुढच्या हंगामात आलेलं आणखी एक नवं होतं, तेही लावलं. दीड फेरा. दोन अस्सल फिटिंगं सारखीच चुकीची असू शकत नाहीत. मग चूक भोकात होती.

कॅप्टन जीपमधून उतरले ते हातमोजे घालतच.

“काय रामटेके, आज सुट्टी का?”

“फिटिंग बसत नाही साहेब. दीड फेऱ्यावर अडतंय.”

त्यांनी वाकून पाहिलं. “हे निमुळतं असतं ना? बाहेर राहतातच की आटे. तूच मला सांगितलंयस.”

“चार राहतात. इथे आठ राहतायत.”

“मग आधीचं कुठाय?” मी पितळी दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. “हे तर छान आहे. दोन वर्षं बसलंय ना? सील लाव आणि हेच परत घाल. मी गडचांदूरला जाऊन पेट्रोलच्या पिंपांचं बघतो. चार वाजता आलो की एक चक्कर मारू. तिकडे लोक खोळंबलेत.”

ते पितळ त्यांना कंपनीचंच वाटत होतं. वाटणारच, वहीत तसंच लिहिलेलं होतं.

ते गेले. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. चार वाजेपर्यंत सहा तास वीस मिनिटं.

मी पितळी फिटिंग पुन्हा लावून पाहिलं. ते सुरेख गेलं, आपलं घर असल्यासारखं. आता आट्यांना सीलचा लेप लावला, पान्याचे दोन फेरे दिले, तर थेंबही बंद झाला असता आणि इंजिन बहुतेक हंगाम काढून गेलं असतं. बहुतेक. हा शब्द मी सही करताना कधी लिहिलेला नाही.

अंगाला लावायच्या लाल साबणाची नवी वडी होती. ती मी उन्हात थोडी मऊ केली आणि दोन्ही फिटिंगं शेजारी शेजारी ठेवून तिच्यावर दाबली. उचलून पाहिलं. पहिल्या आट्याच्या दोन्ही रेघा समोरासमोर होत्या. तिसऱ्याला जराशा सरकलेल्या. दहाव्या आट्याची अस्सलची रेघ पितळीच्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध पडली होती. इंचाला एका आट्याचा फरक. दोन वर्षं त्या पितळाने इंजिनाच्या ॲल्युमिनियममधले अठराचे आटे खाऊन आपले एकोणीसचे पाडायचा प्रयत्न केला होता. धड हेही राहिले नव्हते, धड तेही नाही.

आत्राम विळ्याने गवत कापत होता. मला बसलेलं पाहून जवळ आला.

“साहेब, विमान बिमार हाये का?”

“हो.”

“दवा नाई का?”

“नागपूरला आहे. मोठं काम आहे.”

त्याने विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पण तुमचा चेहरा काऊन उतरला? विमान तं कंपनीचं हाय.”

मी साबणाची वडी उलटी करून ठेवली. तो परत गवताकडे गेला. मला आजही वाटतं, त्या वेळी समोर कुणी आपलं माणूस असतं, बायको, भाऊ, शाळेतला मित्र, तर मी सगळं ओकून मोकळा झालो असतो आणि त्याने जे सांगितलं ते केलं असतं. शेडमध्ये मी, विमान आणि साबणाची वडी. घरी पत्र लिहायला घेतलं. ‘विमान बंद आहे, तब्येत ठीक’ एवढं लिहून झालं आणि पुढे काही सुचलं नाही. ते तसंच टाकलं.

मग मी वही काढून तास मोजले. पितळ बसवल्यापासून आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी. बेरीज दोनदा केली.

कॅप्टन चारला पाच कमी असताना आले. इंजिनावरचं झाकण उघडंच होतं.

“झालं नाही अजून?”

“साहेब, मी सही करणार नाही.”

“का?”

मी साबणाची वडी दाखवली आणि सांगितलं. राजुऱ्याचं दुकान, आठ रुपये, वहीतला क्रमांक, पेटीतलं फिटिंग. फार वेळ लागला नाही, चार मिनिटं असतील. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता वडीकडे बघत होतो.

त्यांनी वडी हातात घेऊन दोन्ही ओळी पाहिल्या. मग म्हणाले, “किती तास?”

“तीनशे बारा तास चाळीस मिनिटं.”

“मोजलेस तू.”

“हो.”

“आधी नाही मोजलेस.”

“नाही.”

“माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे साहेब.”

त्यांनी हातमोजे काढून खिशात घातले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. जीपमध्ये डबा होता, नेहमीसारखा दोघांचा. तो खाली न उतरवता ते बसले आणि चंद्रपूरला निघून गेले. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. नंतर सायकल काढून राजुऱ्याच्या पोस्टात गेलो आणि नागपूरच्या ऑफिसला ट्रंककॉल लावला. लाइन मिळायला पन्नास मिनिटं लागली. मॅनेजर ऐकून म्हणाले, “हे तुम्ही फोनवर काय सांगता?” मी म्हटलं, “लिहूनही देतो.”

त्याच संध्याकाळी वहीत १४-९-८१ च्या नोंदीखाली नवी तारीख घालून लिहिलं : ‘वरील नोंदीतील क्रमांक खोटा आहे. बसवलेले फिटिंग बाजारात करून घेतलेले होते.’ सही केली. माझ्या सगळ्या सह्यांत ही एकच अशी, जी बघायला कुणी मागे उभं नव्हतं.

दुसरं विमान यायला अकरा दिवस गेले. त्या दिवसांत शेतकरी यायचे, बंद विमान बघायचे. कोंबडा सोडून गेलेला तो माणूसही आला. म्हणाला, “साहेब, अळी तं काई थांबत नाई जी.” मी म्हटलं, “हो.” त्याने विचारलं, “खराबी कायची आहे?” मी म्हटलं, “माझी.” त्याला वाटलं मी चेष्टा करतो आहे. हसून गेला. त्याच्या कापसाचं काय झालं ते मी नंतर विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

विमान खात्याचे तपासनीस आले. सगळं पाहिलं, पितळी फिटिंग पाकिटात घालून सील केलं. साबणाची वडी बघून म्हणाले, “ही तुमची तुम्ही ठेवा.” इंजिन उतरवून मुंबईला गेलं. माझा सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतला आणि तेवढे दिवस मी हेल्परच्या कामावर, हेल्परच्या पगारावर होतो. शिक्षा बरोबर होती; त्यांच्या जागी मी असतो तर वर्षाची दिली असती. इंजिनाचे पैसे कंपनीने मागितले नाहीत. मागितले असते तर किती वर्षं लागली असती याचाही हिशेब मी केला होता. तो इथे देत नाही.

कॅप्टन आगाश्यांनी दुसरा तळ मागून घेतला. तिथल्या मेकॅनिकने मला पुढे एकदा सांगितलं, “तुमचे कॅप्टन रोज सकाळी इंजिनाखाली वाकून काहीतरी मोजतात. विचारलं तर सांगत नाहीत.” मी त्यांना दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. अधिकार परत मिळाल्यावर मी आणखी अडीच वर्षं नोकरी केली. विमानं होती, वैमानिक होते, चांगले होते. डबा मात्र मी स्वतःचा स्वतः करून खायला लागलो होतो, आणि कुणी अर्धा पुढे केला तर पोट भरलं आहे म्हणायचो. एक दिवस राजीनामा दिला.

पण एक जागा राहिली होती. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात, विमान नेल्यावर, घरी जायच्या आधी मी लटारूभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी मला ओळखलं.

“या साहेब. उडून राह्यलं का तुमचं विमान?”

“नाही लटारूभाऊ. बंद पडलं.” मी रुमालातून साबणाची वडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उजेडात धरली. मग ड्रॉवरमधून आपला गेज काढला आणि एका ओळीवर टेकवला. “हे माहं काम हाय. एकोणीस.” दुसऱ्या ओळीवर टेकवला. बसला नाही. गेजमधलं दुसरं दातेरी पान काढून टेकवलं. “अन हे अठरा. हे कुठचं?”

“अमेरिकेचं. विमानात अठराच असतात.”

“मंग सांगाचं नाई का तुमी?”

“मी मोजले नाहीत.”

त्यांनी वडी खाली ठेवली. तंबाखू थुंकून आले. “नमुना तं माह्या हातात होता,” ते म्हणाले. “जाडी दोनदा मोजलो. आटे नाई मोजलो. चाकं लागून होते, बदलाचा कंटाळा. तुमी तं ऑफिसवाले झाले साहेब, म्या तं मिस्त्री हाओ. नमुना सामने असून चुकलो.” मग एकदम विचारलं, “मानूस तं नाई मेला ना कोनी?”

“नाही.”

“तुमाले का झालं?”

मी सांगितलं. सहा महिने.

ते गल्ल्याकडे गेले, खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्याचा त्यांचा गल्ला होता. मोजून नोटा आणि नाणी आणली. “आठ घेतलो होतो ना? हे चार. अर्धी चूक माही.”

“अहो, मला नकोत. ते आठ मी तेव्हाच किरकोळ खर्चात लावून कंपनीकडून घेतले होते. पैसे कंपनीचे.”

“मंग कंपनीले पाठवा. चार माहे, चार तुमचे. काऊन, तुमी एकटेच घेता का सारी चूक? लय मोठे झाले का?”

मी ते चार रुपये रुमालात बांधले. ते माझ्याकडे न बघता लेथ पुसत राहिले.

“तो बुढा बी होता त्या दिवशी,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “त्याले बी धराचं का हिशोबात?”

“तो झोपला होता.”

“मंग सुटला तो.”

बसस्टँडजवळच्या पोस्टातून मी कंपनीच्या नावाने मनीऑर्डर केली. फी माझ्याकडून. निरोपाच्या जागेत लिहिलं : ‘दि. १४-९-८१ च्या फिटिंगचे आठ रुपये परत. पैकी चार रामटेके यांचे, चार लटारू मिस्त्री यांचे.’